थकलेला पत्रा : कॉमेट विमान आणि ते उडविणारे देश

कल्याणहून मलंगगडाच्या वाटेला लागले म्हणजे नेवाळीच्या शिवारात एक मोठा माळ लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेऊन तेथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. युद्ध संपले, विमाने गेली, सरकार बदलले. जमिनी मात्र शेतकऱ्यांकडे परत आल्या नाहीत. पुढे ती जागा नौदलाची म्हणून सांगितली जाऊ लागली. मुंबईचा दुसरा विमानतळ येथे करावा अशी चर्चाही अधूनमधून उठत राहिली. जून २०१७ मध्ये कुंपणाच्या प्रश्नावरून शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा जाळपोळीपर्यंत मजल गेली. आमच्या जिल्ह्याचा आणि विमानाचा पहिला संबंध हा असा, जमीन जाण्याचा आहे.

दुसरा संबंध पोटाचा आहे. सांताक्रूझचा विमानतळ ज्या साष्टी बेटावर आहे ते बेट १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत होते. त्या साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. जिल्हा वेगळा झाला तरी माणसे वेगळी झाली नाहीत. विमानतळावरच्या कर्मशाळांत पाने फिरविणारी, इंजिने उघडणारी, पत्रे ठोकणारी कितीतरी माणसे ठाणे, डोंबिवली आणि कल्याणहून कुर्ल्यापर्यंत लोकलने व तेथून पुढे बसने जात आली आहेत. म्हणून एका कामगार संघटकाने व्याख्यानमालेत विमानाचा इतिहास सांगावा यात फारसे नवल नाही. आम्ही विमानविद्येचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण ग्रंथालयाच्या बाकावर व कारखान्याच्या फाटकावर झाले. परंतु पत्रा, रिव्हेट, तडा आणि चौकशी या चार गोष्टींशी आमचा तीस वर्षांचा परिचय आहे, आणि जगातील पहिल्या जेट प्रवासी विमानाची सारी कथा याच चार शब्दांत सामावलेली आहे.

त्या विमानाचे नाव कॉमेट, म्हणजे धूमकेतू. इंग्लंडातील हॅटफील्ड येथे डी हॅविलंड कंपनीने ते बांधले आणि रॉनल्ड बिशप यांच्या हाताखाली त्याची आखणी झाली. २७ जुलै १९४९ रोजी जॉन कनिंगहॅम यांनी ते प्रथम आकाशात नेले. त्या काळची मोठी प्रवासी विमाने पंख्यांवर चालत. त्यांचा आवाज आणि थरथर इतकी असे की प्रवासी उतरला तरी त्याचे कान तासभर घुमत राहात. कॉमेटची चार जेट इंजिने पंखांच्या मुळाशी आत दडवलेली होती. ते सुमारे चाळीस हजार फुटांवरून, वादळांच्या वरून, ताशी सातशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जाई. पहिल्या आवृत्तीत प्रवासी अवघे ३६ बसत. युद्धाने खंगलेल्या इंग्लंडाला अमेरिकेच्या पुढे जाण्याची ही एकच संधी होती, आणि ती साधण्याची घाई मोठी होती.

२ मे १९५२ रोजी बीओएसी या ब्रिटिश सरकारी कंपनीने लंडन ते जोहान्सबर्ग अशी जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडन ते कोलंबो ही सेवा निघाली आणि ती मुंबईवरून जाऊ लागली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री त्या वेळी मोरारजी देसाई होते. त्यांचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे. ऑक्टोबरात सिंगापूर आणि पुढल्या एप्रिलात टोकियो जोडले गेले. टोकियोचा ८६ तासांचा प्रवास ३६ तासांवर आला. फ्रान्सच्या एअर फ्रान्स व यूएटी या कंपन्यांनी प्रत्येकी तीन कॉमेट घेतली. दक्षिण आफ्रिकेची कंपनी बीओएसीची विमाने भाड्याने घेऊन उडवू लागली. कॅनडाच्या हवाई दलाने दोन घेतली, आणि जेट वाहतूक विमान वापरणारे जगातील पहिले हवाई दल म्हणून नाव मिळविले. त्या दलाने कॉमेटचा एक विचित्र उपयोग केला : शत्रूचे बॉम्बफेकी विमान म्हणून त्याला आकाशात सोडायचे आणि आपल्या संरक्षणाची परीक्षा पाहायची. अमेरिकेच्या पॅन अमेरिकनने पुढची मोठी आवृत्ती, कॉमेट ३, मागितली आणि आमच्या एअर इंडिया इंटरनॅशनलनेही तिच्यासाठी मागणी नोंदविली. हे सर्व अठरा महिन्यांच्या आतबाहेर घडले.

याच अठरा महिन्यांत अपघातही सुरू झाले. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोम येथे एक कॉमेट धावपट्टी सोडीना व पुढे जाऊन मोडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. दोष वैमानिकाचा ठरला. त्याने नाक फार वर उचलले, असे सांगण्यात आले. कॅप्टन फूट यांना जेटवरून काढून जुन्या मालवाहू विमानांवर पाठविण्यात आले. ३ मार्च १९५३ रोजी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे कोरे करकरीत कॉमेट कराचीला तसेच धावपट्टी सोडीना. त्यात अकराही माणसे मेली. जेट प्रवासी विमानाच्या अपघातात माणसे दगावण्याची जगातील ही पहिलीच वेळ. येथेही दोष वैमानिकाचाच ठरला, आणि तो बोलावयास उरला नव्हता. त्यानंतर मात्र कंपनीने पंखाच्या पुढच्या कडेचा आकार मुकाट्याने बदलला. आता आकार बदलावा लागला याचा अर्थ कोणत्याही फिटरला विचारावा. माणूस चुकला असता तर माणूस बदलून भागले असते.

आम्हांस येथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात एका प्रेसवर मुलाची दोन बोटे गेली. प्रेसने एकदा पाय दाबल्यावर दोनदा ठोका दिला होता. कामगार त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. मालकाच्या कागदावर कारण लिहिले गेले : कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही हट्ट धरून क्लच उघडायला लावला. आतील चावी मोडली होती. मोडलेला भाग पाहिला तर निम्मा काळपट, जुना, तेल मुरलेला; आणि निम्मा चकचकीत, आजचा. म्हणजे तडा कित्येक महिने आत चालत होता आणि त्या दिवशी फक्त शेवट झाला. त्या कारखान्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, तसे कारखाने पुष्कळ आहेत. परंतु काळा अर्धा आणि चकचकीत अर्धा ही खूण ज्याने एकदा पाहिली त्याला कॉमेटची पुढची हकीकत समजावयास अवघड जात नाही.

२ मे १९५३. जेट सेवेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी सिंगापूरहून लंडनला जाणारे बीओएसीचे कॉमेट कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दुपारी उडाले. वैशाखातील वादळाचे दिवस होते. बंगालात त्याला कालबैशाखी म्हणतात. उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमानाचे तुकडे हुगळी जिल्ह्यातील जगलगोरी गावाच्या परिसरात शेतांत पडले. त्रेचाळीस माणसे गेली. भारत सरकारने चौकशी न्यायालय नेमले. निष्कर्ष निघाला की विमानाचा सांगाडा आकाशातच मोडला, आणि त्याचे कारण एक तर वादळाचा जबर धक्का किंवा वैमानिकाने नियंत्रणे जास्त जोराने ओढणे. सांगाडा मोडला एवढे आमच्या देशातील न्यायालयाने बरोबर ओळखले. ही मोठीच गोष्ट होती. परंतु वादळ समोर असल्यामुळे सर्वांची नजर वादळाकडे गेली.

पुढच्या दोन अपघातांत वादळ नव्हते. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून उडालेले कॉमेट स्वच्छ आकाशात एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. हे तेच विमान, ज्याने १९५२ साली जोहान्सबर्गची पहिली फेरी केली होती. पस्तीस माणसे गेली. एल्बाच्या कोळ्यांनी होड्या घालून प्रेते काढली. बीओएसीने विमाने थांबविली, संशयाच्या जागी पन्नासेक दुरुस्त्या करविल्या, आग लागली असावी असा तर्क चालविला, आणि २३ मार्चला पुन्हा उड्डाणे सुरू केली. खरे कारण हाती लागले नव्हते. सोळा दिवसांनी, ८ एप्रिल रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीसाठी रोमहून कैरोला चाललेले कॉमेट नेपल्सच्या दक्षिणेस समुद्रात गेले. एकवीस माणसे. चार दिवसांनी कॉमेटचा उड्डाणाचा परवाना काढून घेण्यात आला.

या सोळा दिवसांविषयी आमचे मत कडक आहे. कारण न कळता यंत्र चालू करणे याला आमच्याकडे ‘चालवून बघू’ म्हणतात. चालवून बघणारा आणि त्यात बसणारा ही माणसे सहसा निराळी असतात.

यानंतर जे झाले ते मात्र मनापासून वाखाणण्यासारखे आहे. ब्रिटिश नौदलाने पाण्याखाली दूरचित्रवाणीचे कॅमेरे सोडून एल्बाजवळच्या समुद्रतळावरून विमानाचे तुकडे वेचून काढले. सुमारे सत्तर टक्के विमान वर आले. फार्नबरो येथील सरकारी संशोधनशाळेत सर आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली ते तुकडे लाकडी सांगाड्यावर जागच्या जागी जोडण्यात आले. दुसरीकडे एक अख्खे वापरलेले कॉमेट घेऊन त्याचे धड पाण्याच्या टाकीत बुडविले. आत पाणी भरून दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. आकाशात प्रत्येक फेरीत जे घडते ते टाकीत काही मिनिटांत घडवायचे. रात्रंदिवस हे चालले.

हवेऐवजी पाणी का घेतले असे कोणी विचारील. दाबलेली हवा सुटली तर बॉम्बसारखा स्फोट होतो व पुरावा उडून जातो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. पत्रा फाटला की दाब तेथेच संपतो आणि फाटलेली जागा जशीच्या तशी राहते. बॉयलरची हायड्रॉलिक चाचणी याच कारणासाठी पाण्याने करतात. कल्याण-डोंबिवलीच्या बॉयलर अटेंडंटांना हे सांगण्याची गरज नाही.

आणि दाब तरी किती? चाळीस हजार फुटांवर बाहेर माणसाला श्वास घेता येत नाही, म्हणून आत हवा भरावी लागते. कॉमेटच्या पत्र्यावर प्रत्येक चौरस इंचाला सव्वाआठ पौंड एवढा जोर आतून बाहेर पडत असे. वजन वाचविण्यासाठी पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ ठेवलेला. विमान वर गेले की ते फुग्यासारखे किंचित ताणले जाई, खाली आले की सैल होई. सायकलची तार एकदा वाकविली तर काही होत नाही. वीस वेळा तेथल्या तेथे वाकविली की तुटते. लोखंड असो की ॲल्युमिनियम, त्याला थकवा येतो. हा शब्द आमच्या कवीने कल्पिलेला नाही. धातूशास्त्राचाच शब्द आहे.

तो नवाही नव्हता. रेल्वेच्या आसांनी तो शंभर वर्षे आधी शिकविला होता. १८४२ साली फ्रान्सात व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून मोठा अपघात झाला. त्यानंतर जर्मनीतील ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भार टाकून, किती भार किती वेळा सोसतो याचे हिशेब मांडले. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली आणि पुढल्या वर्षी कल्याणला पोहोचली; म्हणजे आमच्या भागात रूळ पडत होते त्याच सुमारास तिकडे आस का मोडतात याचा शोध चालला होता. लांब दांड्याच्या हातोडीने डब्यांची चाके वाजवीत जाणारा रेल्वेचा माणूस जुन्या लोकांना आठवत असेल. चाक खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर डबा बाजूला. त्या माणसाचा पगार थोडा आणि कान लाखाचा.

फार्नबरोच्या टाकीतील विमान जून १९५४ मध्ये फाटले. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतील फेऱ्या मिळून ३,०५७ उड्डाणांइतका भार त्याने सोसला होता. फाटण्याची सुरुवात एका चौकोनी खिडकीवजा भोकाच्या कोपऱ्यात, रिव्हेटच्या छिद्राजवळ झाली. पुढे समुद्रातून छपराचा तुकडा वर आला. त्यात रेडिओच्या आकाशकाठीसाठी ठेवलेल्या खिडक्या होत्या आणि तडा तेथूनच, पुन्हा एका छिद्राच्या कडेने निघाला होता. एल्बाच्या विमानाची १,२९० उड्डाणे झाली होती, नेपल्सच्या विमानाची ९००.

मग कंपनीने आधी चाचणी घेतलीच नव्हती काय? घेतली होती, आणि हीच या कथेतली सर्वांत शिकण्यासारखी जागा आहे. विमानाच्या धडाचा पुढचा भाग घेऊन त्यावर सोळा हजारांच्या पुढे फेऱ्या काढल्या होत्या, तो टिकला. त्यामुळे सर्वजण निर्धास्त झाले. परंतु त्याच तुकड्यावर त्या आधी दुप्पट दाबाची वेगळी चाचणी झालेली होती. त्या जबर ताणाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतील धातू थोडा ताणला जाऊन तेथे उलट मजबूत झाला, आणि मग फेऱ्यांना पुरून उरला. प्रवाशांच्या विमानांना ती दुप्पट दाबाची कसरत घडलेली नव्हती. म्हणजे परीक्षेला बसलेला विद्यार्थी वेगळा आणि नोकरीवर पाठविलेला वेगळा. यात कोणाची लबाडी नव्हती. एका तुकड्यावर दोन चाचण्या उरकण्याची काटकसर तेवढी होती.

लॉर्ड कोहेन यांच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर १९५४ मध्ये जाहीर चौकशी भरली व फेब्रुवारी १९५५ मध्ये तिचा अहवाल छापून प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या बोइंग व डग्लस कंपन्यांनाही तो वाचावयास मिळाला आणि त्यांनी आपले पत्रे जाड केले, तडा पुढे सरकू नये म्हणून आत पट्ट्या घातल्या. शिकवणी इंग्लंडने दिली, फी प्रवाशांनी भरली आणि पदवी बोइंगने घेतली, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. एअर इंडियानेही कॉमेटचा नाद सोडला व १९५६ मध्ये बोइंग ७०७ मागविली. ती १९६० साली सेवेत आली आणि जून १९६२ पर्यंत एअर इंडियाकडे जेटखेरीज दुसरे विमान उरले नाही.

मधल्या काळात आघाडी रशियाने घेतली. सप्टेंबर १९५६ मध्ये एरोफ्लोटचे तुपोलेव्ह १०४ मॉस्को ते इर्कुट्स्क धावू लागले आणि पुढली दोन वर्षे जगात नियमित सेवेत असलेले जेट प्रवासी विमान काय ते तेवढेच होते. त्याचीच धाकटी आवृत्ती तुपोलेव्ह १२४. तिच्यातील काही विमाने आमच्या हवाई दलाने १९६६ च्या सुमारास मोठ्या लोकांच्या प्रवासासाठी घेतली. त्यांतील ‘पुष्पक’ ४ नोव्हेंबर १९७७ रोजी रात्री आसामात जोरहाटजवळ उतरताना पडले. आत पंतप्रधान मोरारजी देसाई होते. ते वाचले, पुढच्या भागात बसलेले हवाई दलाचे पाच कर्मचारी मेले. मोरारजींचा वाद आमच्या पिढीच्या आधीच्या कामगारांशी पुष्कळ झाला, तो येथे उकरण्याचे कारण नाही. ती पाच नावे मात्र पाठ असणारा माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

कॉमेट मेले नाही. जाड पत्रा, गोल कोपऱ्यांच्या खिडक्या आणि लांब धड घेऊन कॉमेट ४ आले आणि ४ ऑक्टोबर १९५८ रोजी त्याने अटलांटिकवरील पहिली जेट सेवा सुरू केली. पॅन अमेरिकनचे बोइंग त्यानंतर तीन आठवड्यांनी निघाले. परंतु बोइंगमध्ये दुप्पट माणसे बसत होती. सर्व मिळून कॉमेट बनली ११४.

ती कोणी घेतली ही यादी वाचताना आम्हांस मौज वाटते. अर्जेंटिना, मेक्सिको, ग्रीस, इजिप्त, लेबनॉन, सुदान, कुवेत, मलाया, आणि केनिया, युगांडा व टांगानिका यांची मिळून असलेली पूर्व आफ्रिकेची कंपनी. यांतील पुष्कळसे देश नुकतेच स्वतंत्र झालेले किंवा होऊ घातलेले. झेंडा आला, राष्ट्रगीत आले, नोट आली, आता शेपटीवर आपले चिन्ह असलेले जेट विमान पाहिजे. या हौसेला आम्ही हसत नाही. ज्यांच्या देशात कालपर्यंत साहेबच वैमानिक आणि साहेबच फोरमन होता, त्यांना आपल्या माणसाने जेटचे इंजिन उघडलेले पाहण्यात जो आनंद झाला असेल तो सांताक्रूझच्या जुन्या कामगारांना विचारावा. परंतु यंत्र विकत घेणे आणि यंत्र राखणे या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि दुसरी विद्या विमानाबरोबर खोक्यात येत नाही. शिवाय मालमत्ता कितीही जपली तरी राजकारण जपू देत नाही : २८ डिसेंबर १९६८ च्या रात्री इस्राएलच्या सैनिकांनी बैरुतच्या विमानतळावर उतरून जी विमाने उडवून दिली त्यांत लेबनॉनच्या मिडल ईस्ट एअरलाइन्सची तीन कॉमेट होती.

इजिप्तच्या कंपनीचे नाव त्या काळी युनायटेड अरब एअरलाइन्स असे होते. तिचे टोकियो ते कैरो जाणारे उड्डाण हाँगकाँग, बँकॉक व मुंबईवरून जाई. त्याचा क्रमांक ८६९. जुलै १९६२ मध्ये या क्रमांकाचे कॉमेट थायलंडच्या डोंगरात कोसळले व सव्वीस माणसे गेली. क्रमांक बदलला नाही. २८ जुलै १९६३ रोजी, ऐन पावसाळ्यात, त्याच क्रमांकाचे कॉमेट मुंबईला उतरण्यासाठी वळण घेत असता मुसळधार पावसात आणि वादळी हवेत अरबी समुद्रात पडले. त्रेसष्ट माणसे होती, एकही वाचले नाही. ताबा सुटला असा निष्कर्ष निघाला.

त्या त्रेसष्टांत फिलिपाइन्सच्या बालवीरांचे चोवीस जणांचे पथक होते. ग्रीसमधील मॅराथॉन येथे भरणाऱ्या जागतिक मेळाव्यासाठी ही मुले आणि त्यांचे शिक्षक निघाले होते. मनिलाजवळच्या केसोन शहरात एका वस्तीतील रस्त्यांना या मुलांची नावे दिलेली आहेत. प्रत्येक नावाच्या आधी ‘स्काउट’ असे लिहितात. चौकात स्मारक आहे. तेथील रिक्षावाला, भाजीवाला, टपालवाला दिवसातून दहा वेळा ती नावे घेतो. आमच्या किनाऱ्यावर, जेथे हे घडले, तेथे वसईपासून वर्सोव्यापर्यंत या अपघाताची आठवण सांगणारे आता क्वचितच कोणी भेटते.

हवाई दलांनीही कॉमेट पुष्कळ काळ राखले. ब्रिटिश हवाई दलाच्या २१६ क्रमांकाच्या तुकडीने १९५६ पासून ती सैनिक, मंत्री व रुग्ण नेण्यासाठी वापरली. दुसऱ्या तुकडीने त्यांत कानोसा घेण्याची यंत्रे बसवून परक्या देशांचे रेडिओ व रडार ऐकले. प्रवासी कंपन्यांची जुनी विमाने इंग्लंडच्या डॅन-एअर या कंपनीने जवळजवळ भंगाराच्या बाजारातून गोळा केल्यासारखी गोळा केली, आणि तिच्या कॉमेटने ९ नोव्हेंबर १९८० रोजी शेवटची फेरी केली. यानंतरही कॉमेटचे धड दुसऱ्या नावाने उडत राहिले. त्यापासून केलेले निमरॉड हे सागरी टेहळणीचे विमान ब्रिटिश हवाई दलात १९६९ मध्ये आले आणि त्याचे शेवटचे रूप २०११ पर्यंत टिकले. २ सप्टेंबर २००६ रोजी त्यांतील एक अफगाणिस्तानात कंदाहारजवळ आग लागून पडले. चौदा जण गेले. हवेतच तेल भरून घेतल्यावर गळालेले इंधन एका तापलेल्या नळीला लागले. हॅडन-केव्ह यांचा २००९ चा अहवाल आम्ही शब्दकोश जवळ ठेवून वाचला. सुरक्षिततेचे कागद कसे न पाहता भरले गेले, काटकसरीचे दडपण कोठून आले, हे त्याने लिहिले, आणि दहा व्यक्तींची नावे घेऊन त्यांच्यावर ठपका ठेवला. त्या दहांत पाना फिरविणारा कामगार नाही. अधिकारी आणि अभियंते आहेत.

आमच्या देशात कॉमेट कोणी विकत घेतले नाही, तरी त्याचे नाक आमच्याकडे आले. फ्रान्सच्या कॅराव्हेल विमानाचा नाकाकडचा भाग कॉमेटच्या आराखड्यावरून घेतलेला होता, आणि इंडियन एअरलाइन्सने १९६४ पासून कॅराव्हेल चालविली. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांतील एक मद्रासला जाण्यासाठी सांताक्रूझहून उडाले. उडताच उजव्या इंजिनातील एक चकती फुटली व इंधनाची नळी तुटली. आग लागली, आणि नियंत्रणे चालविणारे तेल त्या आगीत गेले. वैमानिकाने विमान वळवून परत आणले, परंतु धावपट्टीच्या तोंडाशी येता येता ते हातातून गेले. पंचाण्णव माणसे होती, सर्व मेली. तपासात चकतीत थकव्याचा तडा सापडला.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि २३ मे २०२४ रोजी मोठे स्फोट झाले. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे गेली आणि कित्येक इमारतींच्या काचा फुटल्या. अशा प्रसंगी आम्ही संघटनेतर्फे अर्ज करतो त्यात तीन मागण्या असतात. मोडलेला तुकडा भंगारात जाण्याआधी तपासला जावा, तो तपास मालकाच्या नोकरीत नसलेल्या माणसाने करावा, आणि अहवाल मराठीत छापून फाटकावर लावावा. एका अधिकाऱ्याने आम्हांस विचारले, ही कलमे तुम्ही कोठून काढली? आम्ही त्यांस फार्नबरोच्या टाकीची हकीकत सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि अर्जावर आवक क्रमांक टाकून दिला.